पाण्याची राखण

पंचफुलाइतकं घट्ट मनाचं माणूस आमच्या बेसा गावात दुसरं नाही, असं सगळे म्हणायचे. मला ते कौतुक तेव्हाही खटकायचं. पण मी पडले शेजारची नवी सून आणि तिला काकू म्हणणारी, मी काय तोंड उघडणार?

आमच्याकडे घरोघरी शेळ्या. पावसाळ्यात करडांना हगवण लागायची, आणि लागली की त्यांचं पाणी तोडायचं ही रीत. पोट सुकलं की हगवण आपोआप थांबते, हे शहाण्यासुरत्यांनाही पक्कं ठाऊक होतं. आत गेलंच नाही तर बाहेर काय येणार, बोला. पण करडू ओरडायला लागलं की मालकिणीला पाझर फुटायचा आणि ती चोरून पाणी पाजायची. म्हणून आजारी करडं पंचफुलाच्या पडवीत आणून बांधत. ती त्यांच्या तोंडाला सुतळीचं मुसकं घालायची, आंब्याच्या कोयीची पूड चाटवायची आणि तोंड फिरवून डाळ निवडत बसायची. करडू जगलं तर तिच्या राखणीमुळे. मेलं तर कोणीतरी चोरून पाजलं असेल. असा न्याय असल्यावर तिचं नाव खराब होणार कसं?

हे नाव तिला गोविंदामुळे मिळालं होतं. गोविंदा तिचा पहिला मुलगा, चांगला चालता-बोलता. मी लग्न होऊन येण्याच्या आधीच तो हगवणीने गेला. तेव्हा ती माठाला टेकून बसून राहिली होती. पोरगं पाणी मागत होतं, सासू रडत होती, नवरा रुपराव हातात पाण्याने भरलेला गडवा घेऊन विनवण्या करत होता, पण तिने एक घोट जाऊ दिला नाही. पोर गेलं ते गेलं, पण आईने कसूर केली नाही, असं बायका सांगायच्या. ते ऐकताना पंचफुलाची मान जरा ताठ व्हायची. मला त्याचा फार राग यायचा. ती बाई तेवढ्या एका गोष्टीच्या आधारावर जगत होती, हे मला कळायला वेळ लागला.

तिच्या गोठ्यात, रामटेककडच्या माहेराहून आंदण आलेल्या शेळीचा वंश होता. बोकड विकायचे, पाठी म्हणजे न व्यालेल्या शेळ्या घरातच ठेवायच्या, आणि लेकीच्या लग्नात त्यातली एक तिला द्यायची, ही तिच्या आईची शिकवण. पुढे आई गेली, माहेर मोडलं, शेळ्याही एकेक करून गेल्या. अठ्ठ्याहत्तर साली उरली ती एक म्हातारी शेळी आणि तिची एवढीशी पाठ. मुलीचं, प्रेमिलाचं, लग्न ठरत आलेलं. त्यात श्रावणात त्या पाठीला हगवण लागली.

पंचफुलाने नेहमीसारखं मुसकं बांधलं. पाठीचे डोळे आत गेले. कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहू लागली. ही गेली की माहेरचं म्हणून काहीच उरणार नव्हतं. मग जे कधी केलं नव्हतं ते तिने केलं. पाठ टोपल्यात घातली, मला सोबतीला घेतलं आणि शहरातला जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी मुसकं काढून टाकलं. हगवणीपेक्षा तहानच हिला मारते आहे, असं ते म्हणाले. उकळून निववलेल्या पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घालून थोडं थोडं पाजत राहा, आईचं दूधही तोडू नका, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. आम्ही निघायचं तर पंचफुला उठेचना. टोपलं धरून बसून राहिली.

"माणसाच्या लेकराले बी असंच पाजा लागते का?" तिने विचारलं.

"लेकराला तर आधी पाजायचं, बाई," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या गायीकडे वळले.

घरी येऊन तिने पाणी उकळलं, निववलं, आणि पाठीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याचमच्याने पाजायला बसली. मी गूळ फोडून देत होते. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "हे मेली तर डॉक्टर खोटा ठरते, वं. खोटाच असंन ना?"

पाठ जगावी म्हणून तिचा जीव तुटत होता, आणि जगू नये म्हणूनही तुटत होता. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मी आणखी गूळ फोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाठ उभी राहिली. पाय लटपटत होते, तरी धडपडत आईपाशी गेली आणि कासेला लागली. प्रेमिला टाळ्या पिटत आली. रुपरावने देवाला हात जोडले. पंचफुला खांबाला टेकून बसली होती, चमचा अजून हातातच होता.

"त्यानं शेवटी मले माय म्हणणं सोडून देल्लं होतं," ती म्हणाली. "नुसतं पाणी म्हणे."

रुपरावने जोडलेले हात सोडले आणि तो बाहेर निघून गेला.

पाठ वाढली, प्रेमिलाबरोबर तिच्या सासरी गेली, तिकडे व्यालीसुद्धा. पंचफुलाने तिच्या अंगावरून पुन्हा हात फिरवला नाही. त्यानंतर कोणी करडू घेऊन आलं की ती सांगायची, पाणी पाजा, गूळ-मीठ घालून पाजा. बायका एकमेकींकडे बघायच्या. पंचफुला आता हळवी झाली, तिच्याच्याने राखण होत नाही, असं ठरवून त्या करडं बायजाबाईच्या पडवीत बांधू लागल्या. बायजाबाईचं घर आमच्या पलीकडेच. करडं तिथे ओरडायची, आणि पंचफुला भरलेला गडवा मांडीवर घेऊन आमच्या ओट्यावर बसून राहायची.