केस पेपरवरच्या दोन ओळी

गेल्या वर्षी जूनमधल्या एका मंगळवारी, सकाळी नऊ वाजता, क्रांती चौकाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात माझ्या धाकट्या भावाच्या केस पेपरवर दोन जादा ओळी आढळल्या. अक्षर त्याचं होतं. तो तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होता आणि केस पेपर बाहेर, माझ्यासमोर.

मी अठरा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. असले मजकूर आले की मी कापते. हा कापता येत नाही...

संतोष बजाजनगरला राहतो. वाळूजच्या एका कंपनीत ऑपरेटर होता. पाठदुखीसाठी सुरू झालेल्या अफूवर्गीय गोळ्या त्याला सुटेनात. कंपनीनं शेवटची म्हणून आठ दिवसांची रजा दिली, त्यामुळे त्यानं झटपट उपाय धरला – भूल देऊन, बेशुद्धीतच काही तासांत औषधाचा अंमल उतरवायचा. नातेवाइकांना आम्ही अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलं. गंगापूरहून आलेल्या आईलाही तेच.

आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नको, गोळी नको, हे घरात तीनदा बजावलं होतं. दोन्ही पाळल्याचं संतोषनं केस पेपरवर लिहिलं, सही केली. आठ दहाला मी सवयीनं पानाचा फोटो काढला. आठ चाळीसला त्याला आत नेलं. फाइल काउंटरवर राहिली. सिस्टर आणि मी तिथंच बसून होतो.

नऊला भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, फाइल उघडली आणि माझ्यावर उखडल्या. सहीखाली लिहिलं होतं : ‘सहा वाजता आईने दूध-भाकरी दिली. सात गोळ्या घेतल्या.’

“भरल्या पोटी भूल दिली असती आणि उलटी फुप्फुसात गेली असती, तर?”

मी फोटो दाखवला. त्यात त्या ओळी नव्हत्या. मग आत्ता तुम्हीच लिहिल्या असतील, असं त्यांचं मत पडलं.

आईला विचारलं.

“व्हय, दिली. अपेंडिक काढायचं म्हणून पोराला उपाशी पाठवू? लई वाळलाय.”

मी कपाळावर हात मारला. आईला सहीपलीकडे लिहिता येत नाही आणि गोळ्यांचं तिला ठाऊकच नव्हतं.

भूल द्यायची राहिली. बाहेर आणल्यावर संतोष माझ्यावरच चिडला. उजव्या हाताला सलाइन, हात पट्टीनं बांधलेला.

“ताई, तूच लिहिलंस. सगळा घोळ केलास.”

“मला काय माहीत तू सात गिळल्यास का सतरा?”

त्यानं बांधलेल्या हाताकडे पाहिलं. म्हणाला, “सातच.”

तेव्हापासून सगळे मलाच धरून बसलेत. भावजय तर दर भेटीत हळूच म्हणते, “ताई, बरं केलं तुम्ही लिहिलं ते.” मी नाही म्हणते, ती हसते. एका सहकाऱ्यानं कार्बन पेपरमधून ओळी उमटल्याची थिअरी मांडली – पण पान एकच होतं. अक्षर पारखणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांनी दोन्ही मजकूर एकाच हातचे ठरवले. सिस्टर म्हणते, कुणीही पेन उचललं नाही. माझ्याकडे खुलासा नाही. असता तर हे लिहिलं नसतं.

झटपट उपाय कायमचा रद्द झाला. रजा संपली, नोकरी गेली. व्यसनमुक्तीच्या ओपीडीत हळूहळू डोस उतरवायला सात महिने लागले.

गेल्या सोमवारी संतोषच्या लघवीची तपासणी झाली. निगेटिव्ह.