कुंपण की अक्षर

आमच्या बर्सेबा गावात अपोलोनियाला कोणी नुसतं 'गारोएस' म्हटलं तर ती वळूनही बघत नाही. तिचं आडनाव //गारोएस. गाढव हाकताना गालाशी जीभ मारून काढतो तो आवाज आधी, मग बाकीचं नाव.

आमच्या चर्चचं नवं गीतपुस्तक तिनेच टाइप केलं. आम्हा नामा लोकांच्या बोलीतल्या जिभेच्या टिचक्यांना स्वतंत्र अक्षरं आहेत, पण कीबोर्डवर ती कुठली? एकेरीला / आणि दुहेरीला // मारून आम्ही भागवतो. छापखान्याने मात्र खरी अक्षरं मागितली.

"त्या काड्या काढूनच टाक," चर्च समितीचे टायटस ओम, म्हणजे टायटस काका, म्हणाले. "गाणी सगळ्यांना पाठ आहेत."

"पाठ आहेत तर पुस्तक कशाला छापताय, ओम? देवापुढे अर्ध्या शब्दांनी उभं राहायचं?"

"शुक्रवारी दुपारपर्यंत बघ. नाहीतर बिनकाड्यांचं छापायला जाईल."

कॉम्प्युटरला एका ओळीचा हुकूम दिला की सगळी गाणी एकदम बदलतात. काय शोधायचं, त्या जागी काय घालायचं, आणि मध्ये कुंपण म्हणून /. तिथेच गाडं अडलं. तिने / शोधायला सांगितलं. यंत्राला ते कुंपणच वाटलं.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ती पडद्याशीच भांडत होती. "मेल्या, माझं आडनाव तुला कुंपण वाटतं?"

"प्रार्थना करून बघ," मी म्हटलं.

"करतेच आहे. हात कुठे थांबलेत?"

शेवटी सापडलं. काडीच्या आधी उलटी काडी लावायची, \/ अशी, म्हणजे यंत्र तिला अक्षर मानतं. हुकूम चालला. पण शेवटच्या पानावर तिचं स्वतःचं नाव होतं, आणि त्यातल्या दोन काड्या रुसलेल्या जावांसारख्या फटकून उभ्या. प्रत्येक दुहेरीच्या दोन एकेरी झाल्या होत्या. स्तोत्रांच्या आकड्यांमधल्या साध्या तिरप्या रेघाही टिचक्या होऊन बसल्या होत्या.

तिने मूळ प्रत जपली होती. पुन्हा बसली. आधी दुहेरी बदलल्या, मग एकेरी, त्याही काडीपुढे अक्षर असेल तरच.

शुक्रवारी उन्हं चढायच्या आत तिने एक पान छापून टायटस ओमांच्या हातात दिलं. ओमांनी चष्मा लावला आणि ते मनातल्या मनात वाचू लागले. पण जीभ ऐकेना. टक्. ओळ संपली. पुन्हा टक्.

अपोलोनिया दारातच उभी.

"बघतेस काय?" ओम म्हणाले. "धाडून दे."