बिनडोळ्यांची शेळी

ओल्या शाडूचा वास आला की मला जोहे गावातलं उन्हाळी शिबिर आठवतं. आम्ही शिकवायला आलेले ताई-दादा, आणि मुलं गणपतीच्या कारखान्यांत वाढलेली. एका मुलीने शाडूची शेळी केली, वाळवून रंगवली, पण डोळे काही आखेना. "अगं, डोळे राहिले की," मी म्हटलं. "नाय ताई. आमच्याकडं डोळे सगळ्यात शेवटी आखतात. डोळे आखले का गिऱ्हाईक मूर्ती घेऊन जातं." मग शिबिरभर ती शेळी तशीच, आंधळी, तिच्या मांडीवर. निघायच्या दिवशी आमचा टेम्पो सुरू झाला, तशी ती धावत आली आणि शेळी माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता न्या." डोळ्यांचा काळा रंग अजून ओला होता. घेताना माझा अंगठा लागून एक डोळा फिसकटला. ती शेळी आजही माझ्या टेबलावरून जरा तिरकंच बघते.