डुलक्याचा कान लाल झाला त्याची गोष्ट

...आणि छापलेला कागद टेबलावर आपटून मालक ओरडले, "अहो, या गाढवाला सर्दी झालीय की कानफुटी?"

काल इथपर्यंत आलो आणि आमच्या हिने जेवायला हाक मारली. जेवणापुढे गाढव काय आणि मालक काय! आज पुढचं सांगतो. पण काल जे बसले नव्हते त्यांच्यासाठी चार पावलं मागून येतो.

गाढवाचं नाव डुलक्या. तुम्ही त्याला ओळखता. बिस्किटांच्या डब्यावर, मुलांच्या दप्तरावर, तरण्या पोरांच्या शर्टावर, जागा मिळेल तिथे उभ्या उभ्या डुलकी काढणारं गाढव. एक कान करडा, एक लाल. आम्ही मात्र त्याचे दोन्ही कान करडे होते तेव्हापासूनचे त्याचे सोबती, कारण ज्या साप्ताहिक कॉमिकमधून तो जगात आला, ते आमच्या छापखान्यात छापलं जाई. मी बांधणी खात्यात. कागदाला घड्या घालायच्या, पिना मारायच्या आणि गावच्या शाळेत चौथीपर्यंत जे काही पदरात पडलं होतं, त्याच्या जोरावर सगळे अंक फुकटात वाचायचे.

पण गोष्ट उलटरावाची आहे. नावात राव असला तरी माझ्या बरोबरीचा, म्हणून अरेतुरेच. हे नाव त्याला आम्हीच दिलं. तो लाल पत्र्याचा कारागीर. रंगीत चित्र म्हणजे एकेका रंगाचा एकेक पत्रा. सगळे एकावर एक छापले की चित्र उभं राहतं. लाल जिथे हवा तिथे पत्र्यावर ठिपक्यांची जाळी ठेवायची, मागून अंगठ्याने घासायची, की मोहरीपेक्षा बारीक ठिपके उठायचे. पत्र्यावर सगळं उलटं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं. आठ-दहा वर्षं हेच पाहून त्याच्या डोळ्यांना उजवीकडून वाचायची खोड लागली. दुकानाची पाटी असो नाहीतर औषधाची चिठ्ठी, आधी शेवट, मग सुरुवात. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, "यांना पत्र आलं की आधी 'आपला नम्र' वाचून खूश होतात, मग वर जाऊन बघतात कोण गेलं ते!"

डुलक्याचे चित्रकार उंच, अबोल. खिशात पेन्सिलींचे तुकडे. चित्रावर ते पातळ, आरपार दिसणारा कागद लावत आणि कुठे कोणता रंग ते त्यावर लिहून देत. त्या आठवड्यात डुलक्याला सर्दी झाली होती. जो भेटतो तो उपाय सांगतो. वाफ घे, पाय गरम पाण्यात ठेव, डाव्या कुशीवर झोप. चित्रकारांनी कागदावर लिहिलं, 'नाक लाल'. उलटरावाने वाचलं, 'लाल कान'. खोटं वाटत असेल तर लिहून बघा आणि शेवटापासून एकेक अक्षर, मधल्या कान्यासकट, मागे या. मी तीनदा करून पाहिलंय.

उलटरावाने इमानेइतबारे कान रंगवला. सगळा अंक छापून झाला, थप्प्या माझ्या खात्यात आल्या, आणि मग मालकांची ती आरोळी. महिन्याभरापूर्वीच एक पान उलटं लागलं म्हणून त्यांनी एका कारागिराला कायमचं घरी बसवलं होतं. उलटराव टेबलासमोर उभा, शेजारी चित्रकार. तो पातळ कागद तिथेच पडलेला. तेव्हा त्याने तो पहिल्यांदा डावीकडून वाचला आणि त्याला दरदरून घाम फुटला. मी दारात, थप्पी हातात धरून.

चित्रकारांनी कागदाकडे पाहिलं, उलटरावाच्या लाल अंगठ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कान मुद्दाम केलाय. सगळ्यांचे सल्ले ऐकून ऐकून लाल झालाय त्याचा."

मालक पुन्हा पान वाचू लागले. आधी मिशी हलली, मग पोट. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" म्हणाले आणि हसत आत गेले. चित्रकारांनी पातळ कागद घडी करून खिशात टाकला. जिना उतरताना उलटरावाला एवढंच म्हणाले, "चला, चहा घेऊ." मला वाटलं, मोठी माणसं, मोठ्या कल्पना. मी पिना मारायला गेलो.

वाचकांनी तर तो कान डोक्यावर घेतला. पोतंभर पत्रं आली. तेव्हापासून डुलक्याचा कान लालच राहिला. नाकाला बिचाऱ्याला कुणी विचारलं नाही.

याला चाळीस वर्षं झाली. छापखाना गेला, मालक गेले, तीन वर्षांपूर्वी चित्रकारही गेले. आणि गेल्या महिन्यात उलटरावाने आपल्या ओसरीवर माझ्या हातात एक पत्र ठेवलं. चित्रकारांच्या मुलीचं पत्र. जुन्या कॉमिकमधली एखादी चौकट उचलायची आणि भिंतीएवढी करायची, याला पॉप आर्ट म्हणतात म्हणे. तसं डुलक्याचं एक थोरलं चित्र कुण्या नव्या चित्रकाराने केलं होतं, आणि त्याचं प्रदर्शन भरणार होतं. मुलीने लिहिलं होतं, 'शेजारी पाटी लावायची आहे: लाल कान, बाबांची सर्वांत मोठी कल्पना. काका, त्या वेळचे तुम्हीच उरलात. पाटी छापायच्या आधी एकदा वाचून बरोबर आहे म्हणा.'

"मग म्हण की," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्याने मला कागद उलटा वाचल्याची खरी गोष्ट सांगितली. चाळीस वर्षं शेजारी राहतो, रोज त्याच्या ओसरीवर बसतो, पण या कानाची त्या कानाला खबर नाही!

"सांगितलं तर पोरीच्या बापाचं मोठेपण जातं," तो म्हणाला. "नाही सांगितलं तर मी खोट्या पाटीला मान डोलावली असं होतं. ज्याने मला वाचवलं त्याच्याच नावाची पाटी रे!"

"कानावर हात ठेव," मी म्हटलं. "गाढवाच्याही आणि स्वतःच्याही."

वहिनी आतून म्हणाल्या, "ओझं गाढवाने वाहावं. तुम्ही कशाला वाहताय?" यात सांगा म्हणाल्या की सांगू नका, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

गेलो प्रदर्शनाला. पांढरी शुभ्र भिंत आणि तिच्यावर डुलक्या. कान दाराएवढा, एकेक ठिपका बशीएवढा. लोक लांबून बघत होते. उलटराव नाक टेकेल इतका जवळ गेला आणि कानाच्या टोकाशी थांबला.

"हे बघ," मला हळूच म्हणाला. तिथे तीन ठिपके नव्हते. "इथे माझा अंगठा उचलला गेला होता. शिंक आली होती मला."

"म्हणजे सर्दी तुलाच होती की!"

तो हसला, पण बोट त्या कोऱ्या जागेवरून हलेना. त्याच्या अंगठ्याची चूक कुणीतरी मापून, जपून, माणसाच्या डोक्याएवढी मोठी करून ठेवली होती. बराच वेळ उभा राहिला. कामावर असताना पत्रा तपासायचा, तसाच.

तेवढ्यात मुलगी आली. बापासारखी उंच. एका हातात पाटीचा मजकूर, दुसऱ्या हातात घड्या पडून पिवळा झालेला पातळ कागद.

"काका, हा काल बाबांच्या खणात सापडला. किती जपून ठेवला होता! पण यावर 'नाक लाल' लिहिलंय. मग बाबांनी विचार कधी बदलला?"

मी उलटरावाचा सदरा मागून ओढला. त्याने माझा हात बाजूला केला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, कागद उजेडात धरला आणि डावीकडून उजवीकडे, अक्षरावर बोट ठेवत, पहिलीतल्या मुलासारखा वाचला. मग म्हणाला,

"पोरी, पाटीवर काय लिहायचं ते तू ठरव, पण तुझ्या बाबांनी विचार बदलला नाही, मी कागद उलटा वाचला. सल्ले ऐकून कान लाल झाला, ही कल्पना मात्र त्यांचीच, आणि ती त्यांना मालकांसमोर उभ्या उभ्या सुचली, माझ्यासाठी. त्यांनी नाक लिहिलं, मी कान वाचला, म्हणून तर माझं नाक वाचलं."