फ्लूटवाल्याचा श्वास

आमच्या जावयांना गल्लीत 'शंभरजण' म्हणतात. हे नाव तळमजल्यावरच्या शिंप्याने ठेवलं. "वर खोलीत माणूस एक, आणि आवाज शंभर जणांचा," असं तो कपडे टाकायला येणाऱ्यांना सांगायचा. नाव चिकटलं. जावई टीव्हीवरच्या मालिकांना संगीत देतात, आणि त्यात वाजणारा सगळा वाद्यवृंद, व्हायोलिनपासून मोठ्या ड्रमपर्यंत, मागच्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरमधून निघतो.

मला लिहायची सवय नाही. एकतीस वर्षं बँडमध्ये दुसऱ्या रांगेत बसून क्लॅरिनेट वाजवली. कुणी पुढे ये म्हटलं की घाम फुटायचा. पण जावयांच्या बाबतीतलं थोडंसं फक्त मलाच कळलं होतं आणि मी ते बोललो नाही. म्हणून हे लिहितो आहे. जमेल तसं.

त्यांचं काम मला समजलं तेवढं सांगतो. कुठल्याशा मोठ्या सभागृहात खऱ्या वादकांना बसवून त्यांच्याकडून एकेक सूर वाजवून घेतलेला असतो. हळू, मध्यम, जोरात. एकच सूर चार-चार वेळा, कारण माणूस तोच सूर दोनदा अगदी सारखा वाजवत नाही. हे सगळे सूर कॉम्प्युटरमध्ये साठवलेले असतात. कीबोर्डची पट्टी दाबली की त्यातला एक वाजतो. मग या सुट्या सुरांची खरी मैफल वाटावी म्हणून जावई दिवसदिवस खपतात. एका व्हायोलिनला केसभर मागे सरकवतात, दुसऱ्याला जरा बेसूर करतात.

पहिल्यांदा त्यांनी मला ऐकवलं तेव्हा म्हणाले, "बघा बाबा, एवढे वादक, आणि एकही चहा मागत नाही."

"एकही उशिरा येत नाही," माझ्या तोंडून गेलं, "म्हणून जरा खोटं वाटतं."

मी जीभ चावली. सासऱ्याने जावयाच्या कामात नाक खुपसू नये. पण त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "अजून सांगा."

स्वयंपाकघरातून मुलगी ओरडली, "बोला हो बाबा. तुमचं तरी ऐकतोय. मी बोलले की त्याच्या कानावर हेडफोन असतो!"

मग मी विचारलं, "जावईबापू, तुमचा हा फ्लूटवाला श्वास कधी घेतो?"

त्यांनी पडद्यावर पाहिलं. फ्लूट चाळीस मात्रा सलग वाजत होता. ते जोरात हसले. "अहो बाबा, हा तर कधीच मेला!"

आम्ही तिघंही हसलो.

पुढच्या रविवारी गेलो तर टेबलावर एक बारीक नळी होती. जावई ती तोंडात धरून फुंकतात आणि बोटं पट्ट्यांवर ठेवतात. नळीतून आवाज येत नाही. फुंकेचा जोर तेवढा कॉम्प्युटरला कळतो आणि त्याप्रमाणे सूर फुगतो, ओसरतो. पडद्यावर फुंकेची रेघ उमटते, लांबट टेकडीसारखी. श्वास संपला की रेघ खाली येते आणि फ्लूट थांबतो. "आता कुठे याला छाती आली," जावई म्हणाले. छाती त्यांचीच होती.

मालिकेच्या मुख्य चालीत फ्लूटची एक ओळ होती, सोळा मात्रांची. त्यांनी ती एका दमात काढली. मलाही फुंकायला लावलं. अकराव्या मात्रेला माझी रेघ पडली.

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी वाईट नाही," ते म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी जेवणानंतर मी त्या खोलीत बसायचो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जाड करडे गादीचे तुकडे लावलेत, खिडकीही त्यांनी बुजवली आहे. दार लागलं की कानात दडे बसल्यासारखं होतं. चाल तीच असली तरी दर भागाला ती नव्याने वाजवायची, प्रसंग बघून. वेग मात्र तोच. ऐकताना माझी बोटं गुडघ्यावर मात्रा मोजत राहतात. ती बँडची खोड आहे, जाता जात नाही.

एका रविवारी फ्लूटने चौदाव्या मात्रेला श्वास घेतला. वादक कधी मध्येच श्वास घेतो.

पुढे बारावर आला. मग दहा.

मला वाटलं, माझे कान गेले, किंवा मोजणं चुकतंय. पुढच्या वेळी मी डोळे मिटून मोजलं. दहाच. रेघ बघितली तर सुरुवातीला आडवी पसरलेली टेकडी आता वारुळांसारखी झाली होती, उंच आणि लगेच खाली.

त्याच दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला. जावयांनी आम्हालाही ऐकू येईल असा लावला.

"अहो, तो फ्लूटवाला कोण पकडलाय तुम्ही?"

"घरचाच माणूस आहे," जावई डोळा मिचकावून म्हणाले.

"त्याला सोडू नका. दमल्यासारखा वाजवतो ना, आमच्या घरी सगळ्या रडतात."

जावई खूश झाले. मुलीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्या क्षणी मी काय बोलणार? 'तुमचं कौतुक झालं, पण मला भीती वाटते' असं? आणि भीती कशाची, तेही मला धड सांगता आलं नसतं.

मग मी दुसऱ्याच गोष्टींकडे पाहायला लागलो. जिना चढताना जावई मधल्या वळणावर थांबून फोन बघायचे, फोन वाजलेला नसतानाही. घरात बूट-मोजे काढल्यावर घोट्यापाशी मोज्याची खोल खूण दिसायची. मुलगी एकदा हसत म्हणाली, "साहेब हल्ली तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपतात. दरबार भरवायचा असेल." मीही हसलो. घरी येऊन आरशासमोर बोलायची तयारी केली. "जावईबापू, एकदा तपासून घ्या." चार शब्द. रविवारी ते न बोलता मी मात्राच मोजत बसलो. नऊच भरल्या.

अखेरच्या भागाचं काम सोमवारी सकाळी पाठवायचं होतं. रविवारी जावयांनी मला खुर्चीत बसवलं. "ऐका, बाबा. आता सांगा कुठे खोटं वाटतं."

व्हायोलिन आली, खालून ड्रम घुमला, मग फ्लूट. माझी बोटं चालली. सातव्या मात्रेला तुटला. पुन्हा उचलला, पुन्हा सातला. सगळा वाद्यवृंद त्याच्यासाठी थांबून थांबून पुढे सरकत होता.

"खोटं कुठेच नाही," मी म्हणालो. "जावईबापू, पहिल्या आठवड्याचं काढता का जरा?"

त्यांनी काढलं. पडद्यावर वर जुनी रेघ, खाली नवी.

"हे मुद्दाम केलंय, बाबा. श्वास घेत नाही म्हणून तुम्हीच बोलला होतात."

"मग आत्ता एकदा सोळापर्यंत फुंकून दाखवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसून नळी तोंडात धरली. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. खोलीत फक्त तो एक सूर. सहाव्या मात्रेला रेघ थरथरली आणि खाली आली.

"नळीत काहीतरी अडकलंय." त्यांनी ती शर्टाला पुसली, पुन्हा फुंकली. पाच. ओठ निळसर दिसायला लागले होते.

"नळी ठीक आहे," मी म्हणालो. "मी दोन महिने मोजतोय. दर वेळी कमी होतंय."

मुलीने आधी नवऱ्याच्या घोट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोन महिने? आणि बाबा, तुम्ही आज सांगताय?"

मी रिक्षा आणायला जिना उतरलो.

दवाखान्यात त्याच संध्याकाळी दाखल केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय मोठं झालंय, त्याचा जोर कमी पडतोय आणि फुप्फुसांत पाणी साचलंय. आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. औषधांनी किती भरून निघेल ते आत्ता सांगता येणार नाही. वय त्रेचाळीस. जावयांनी तोंडावरचा मास्क बाजूला करून मुलीला सांगितलं, "सोमवारचं तेवढं पाठव." तिने पाठवलं. सात मात्रांवर तुटणारा फ्लूट तसाच टीव्हीवर गेला. तो भाग लागला त्या संध्याकाळी गल्लीतून चाललो तर चार खिडक्यांतून तोच ऐकू येत होता. मी पावलं उचलली.

तीन आठवड्यांनी ते घरी आले. पाठीला तीन उशा. एका दमात बाथरूमपर्यंत जाता येत नाही. शिंपी स्वतः वर येऊन गेला, आणि 'शंभरजण' न म्हणता त्यांना नावाने हाक मारून गेला. ते मला बरं वाटलं नाही.

गेल्या रविवारी दिग्दर्शकाचा फोन आला. मालिका आणखी वाढणार होती. फक्त एक अट. फ्लूट तोच हवा, तसाच दमलेला.

जावयांनी फोन ठेवला. "बाबा, तुम्ही फुंका. मी बोटं ठेवतो."

"त्यांचं वय बघ अरे!" मुलगी म्हणाली.

"त्यांना दम तरी आहे."

मुलीने कॉम्प्युटर पलंगाशी आणला आणि पट्ट्या त्यांच्या मांडीवरच्या चादरीवर ठेवल्या. मी नळी हातात घेतली.

"किती?" मी विचारलं.

"सातला तोडा. त्यांना तेच हवंय."

मी फुंकलं. पडद्यावर टेकडी उभी राहिली. त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर होता, डाव्या हाताची बोटं चादरीवर मोजत होती. सात झाल्या आणि मी तोंड मिटलं. रेघ खाली आली, फ्लूट थांबला. माझ्या छातीत अजून हवा होती, ती मी नाकाने हळूहळू सोडली, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यांनी पट्ट्यांवरून हात उचलला. चादरीवरची बोटं मात्र चालूच होती. आठ, नऊ, दहा. अकराला, पहिल्यांदा माझी रेघ पडली होती तिथे, ती थांबली.