फुलीवरचा नेम

सदर इसम, वय सत्तावन्न, हा गेम पार्लरमधील 'कमांडो पथक' या खेळाच्या दोन्ही बंदुकांचा एकमेव अधिकृत तंत्रज्ञ असून, गेली एकोणीस वर्षे शत्रूच्या समूळ नायनाटास तोच जबाबदार आहे.

नायनाटाची सुरुवात तो रोज सकाळी करायचा. बंदुका जुळवून घ्यायला पडद्यावरच्या फुलीवर नेम धरून चाप ओढायचा. त्याचा नेम तोच यंत्राचा नेम. यंदा मात्र गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, की गोळ्या बाजूला जातात. त्याने भिंगं पुसली, वायरी बदलल्या. त्याच्या हातात तर बंदूक सरळ चालायची.

शेवटी मालकाने शेजारी उभं राहून पाहिलं.

"काका, बंदूक उजव्या हातात आणि उघडा डोळा डावा? हे कुठलं कमांडो ट्रेनिंग?"

"सवय हो."

"कसली सवय? उजव्या डोळ्याने नेम धरा बघू."

त्याने डावा डोळा मिटला आणि बंदूक पडद्यावर रोखली. नोकरी जाणार हे त्याला कळून चुकलं होतं. पडद्यावर फुली लुकलुकत होती.

"ओढा ना, काका."

"कुठे आहे ती?" त्याने विचारलं.

उजव्या डोळ्याने त्याला आठ महिन्यांपासून दिसत नव्हतं, आणि आता डावाही अंधुक होत चालला होता.