एमिलला द्यायचं पुस्तक

मका काढून झाला की होराक गावचं मैदान पांढरं पडायला लागतं. आधी दहिवरानं, मग बर्फानं. बेसबॉल सरलेला असतो आणि वसंत अजून फार लांब असतो. नेब्रास्कातले ते पाच महिने गावानं काढले ते लिओटा ह्रुश्काच्या भरवशावर.

लिओटाचं पशुखाद्याचं दुकान होतं. मागच्या खोलीत लोखंडी शेगडी, तिच्याभोवती खुर्च्या, आणि भिंतीशी एक कपाट. कपाटात फक्त बेसबॉलची पुस्तकं. आपल्या हातानं कुणी पुस्तक काढायचं नाही. लिओटा माणसाकडे बघायची, तो तरुणपणी मैदानात कुठं उभा राहायचा ते आठवायची, आणि मग त्याच्याजोगं पुस्तक काढायची. फलंदाजामागं उकिडवं बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला जाडजूड, कारण त्याला तासन्‌तास बसायची सवय. चेंडू टाकणाऱ्या पिचरला पातळ.

अडॉल्फ कुबिक हा जुना पिचर दर हिवाळ्यात कुरकुरायचा.

"बाई, मलाही एखादं जाड दे की. थंडी मोठी आहे."

"दिलं होतं एकदा. काय केलंस त्याचं?"

"टेबल डुगडुगत होतं."

"म्हणून पातळ."

एमिल वोसिकाचं पुस्तक निवडायला मात्र तिला आठवडा लागायचा. एमिल डाव्या मैदानावर, म्हणजे फलंदाजापासून लांब डाव्या कडेला, झेल घ्यायला उभा राहायचा. उंच, अबोल. अठ्ठेचाळीस साली जिल्ह्याच्या शेवटच्या सामन्यात शेवटचा चेंडू त्याच्या हातात येऊन सुटला आणि गाव हरलं. तेव्हा सामन्याच्या नोंदींची वही लिहायला एकोणीस वर्षांची लिओटा बसली होती. अशा वेळी फटका चांगला होता की खेळाडू चुकला, हे वही लिहिणाऱ्यानंच ठरवायचं असतं. तिनं पेन्सिलीला टोक काढलं आणि एमिलच्या नावापुढं चूक मांडली.

एमिलला कुणी एका शब्दानं टोचलं नाही. त्यानंही त्या दिवसाचं पुन्हा नाव काढलं नाही. म्हणून लिओटा त्याचं पुस्तक आधी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. डाव्या मैदानावर कुठं झेल सुटला, की ते पुस्तक बाजूला. चाळिशी उलटल्यावर तिनं हे कपाट मांडलं होतं, तेव्हापासून असे वीस हिवाळे गेले.

यंदा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अर्धं पुस्तक झालं आणि अक्षरं विरघळायला लागली. मग तिनं वही लिहिणारी कुणीही बाई करेल तेच केलं. पुस्तकाच्या शेवटी दिलेले सामन्यांचे तक्ते उघडले आणि चुकांच्या रकान्यावरून बोट फिरवलं. डाव्या मैदानापुढं सगळीकडे शून्य. तक्त्यावर विश्वास ठेवून तिनं पुस्तक दिलं.

एमिल चार दिवस शेगडीकडे फिरकला नाही.

"धुराड्यातून धूर निघतोय," अडॉल्फ म्हणाला. "म्हणजे जिवंत आहे. दिलंस तरी कुठलं?"

"हिरव्या पुठ्ठ्याचं."

अडॉल्फनं कॉफीचा कप खाली ठेवला. "अगं, त्यात तर शेवटी डाव्या मैदानावर झेल सुटतो. पातळ आहे, तूच मला दिलं होतंस."

"तक्त्यात शून्य आहे."

"त्या सामन्याची वही लिहिणाऱ्याला त्या पोराची दया आली. त्यानं चूक न मांडता चांगला फटका मांडला."

लिओटानं कोट चढवला. आपण मुद्दाम जखमेवर बोट ठेवलं असं एमिलला वाटलं असेल, तर वीस हिवाळ्यांचं सगळं पाण्यात गेलं. आणि तो पुन्हा त्या खुर्चीवर बसणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एमिल स्वयंपाकघरात बसला होता. पुस्तक पुढ्यात पालथं.

"एमिल, मी ते पुरतं वाचलं नव्हतं रे. तक्ता बघून दिलं."

"वाटलंच." त्यानं पायानं खुर्ची पुढं सरकवली. "बाकीची वाचून देत होतीस, ठाऊक आहे मला. वीस वर्षं एकाही पुस्तकात डाव्या मैदानावरचा झेल सुटत नाही. असं कुठं असतं का?"

लिओटा त्या खुर्चीवर टेकली.

"मी तुझ्यावर नाही चिडलेलो," एमिल म्हणाला. "ह्यातल्या वही लिहिणाऱ्यावर चिडलोय. फटका म्हणे."

"दया आली असेल."

"कसली दया? चेंडू पोराच्या हातात आला होता. त्यानं सोडला. आता तो सुटलाच नाही म्हटल्यावर त्याला विचारणार कोण, कसं झालं रे म्हणून? तू निदान खरं मांडलंस."

"मांडलं. आणि मग झाकत बसले."

चुलीवर कॉफी खदखदत होती. लिओटानं हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"कसं झालं रे, एमिल?"

त्यानं पालथं पुस्तक मिटून बाजूला सारलं.

"ऊन नव्हतं डोळ्यांत," तो म्हणाला. "सगळे आपापसात म्हणतात, ऊन होतं. नव्हतं. चेंडू वर असतानाच मी हसलो, लिओटा. हातात यायच्या आधी हसलो. पण थांब, हे असं मधूनच नको. सकाळपासून सांगतो."

तिनं कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. एमिलनं दोन कप भरले, आणि त्या सकाळी वारा कुठून होता तिथून सुरुवात केली.